कोरी म्हणून दिलेली सीडी

नुकत्याच लिहून निघालेल्या सीडीला कोमट प्लॅस्टिकचा वास येतो. आप्पांच्या पुण्यतिथीला तो आला, की मी बोईसरच्या आमच्या जुन्या खोलीत परत जाते.

तारापूरच्या कारखान्यात राबलेले माझे वडील, आप्पा, खोकून खोकून गेले. त्यांच्या लॉकरमधली सीडी माझ्या हातात देत कारखान्याचे साहेब म्हणाले, "मी उघडून बघितली, कोरी आहे. आठवण म्हणून ठेवा."

माझ्या लिनक्सच्या संगणकावर ती माउंट होईना, म्हणजे उघडेचना. शेजारची सातपाटीची काशीमावशी सुकट निवडता निवडता म्हणाली, "कोरी हाय, तं सायबानं आदी उगडून कशाला बगितली गो?"

मी पुन्हा बसले. दोष सीडीत नव्हताच. संगणकाच्या सेटिंगच्या फाइलीत सीडी-ड्राइव्हचं जुनं नाव राहिलं होतं. ते बदलताच ड्राइव्ह घरघरला आणि आप्पांच्या छातीचे सात वर्षांचे एक्स-रे पडद्यावर आले. डाग वाढत गेलेला, आणि प्रत्येक अहवालाखाली साहेबांची सही: 'कामास योग्य'.

साहेबांना हे विसरू द्यायचं नाही, असं मी त्याच क्षणी ठरवलं. दर पुण्यतिथीला त्यांच्या घरी एक प्रत जाते. मागच्या वर्षी त्यांनी कळवलं, "आमच्याकडे सीडी चालत नाही." म्हणून यंदा पाकिटात ड्राइव्हही घातला आहे, आणि सीडी कशी उघडायची ते सुवाच्य अक्षरात लिहिलं आहे.