मला काही प्रॉब्लेम नाही, पण...

ऑनलाइन क्लास घेणाऱ्या बाईला किस्से शोधायला कुठे जावं लागत नाही. लोक कॅमेरा चालू करून बसतात आणि आपल्यामागे अख्खं घरही चालू आहे हे विसरतात! माझा स्पोकन इंग्लिशचा क्लास कोरोनात सुरू झाला. कोरोना गेला, क्लास राहिला. त्यातले रेसिझमच्या धड्याचे किस्से मात्र मी आजवर फारसे सांगितले नाहीत, कारण एकात मी स्वतःच सापडले आहे.

*

धडा पुस्तकातलाच होता, जगभरातल्या वर्णभेदाचा. मी विचारलं, "आपल्याकडे रेसिझम आहे का? इंग्रजीत सांगा."

पहिला हात पाटीलदादांचा. हे पनवेलजवळच्या सुकापूरचे. शेतं गेली, तिथे इमारती उभ्या राहिल्या, एक त्यांचीही. भाडेकरू इंग्रजीतून तक्रारी करतात आणि आपल्याला उत्तर देता येत नाही, म्हणून क्लासला आलेले.

"No madam! In India, no racism!" दादा छाती पुढे काढून म्हणाले. पुढचं इंग्रजी सुचेना, तेव्हा मराठीत पुरं केलं, "आपल्याकडं फकस्त जात हाय!"

*

दर मंगळवारी क्लासला ग्रेस यायची. ग्रेस मूळची नैरोबीची, पनवेलजवळच्या एका कंपनीत दोन वर्षांसाठी आलेली इंजिनियर. माझी तिची ओळख भाजी मार्केटमध्ये झाली. ती आमच्याशी इंग्रजी बोलणार, आम्ही तिला मराठी शिकवणार, असा सौदा ठरला.

मी पहिल्या दिवशी तिच्यासाठी "माझे नाव ग्रेस आहे" हे वाक्य तयार ठेवलं होतं. पण मोऱ्याच्या जयवंतीताई माझ्या आधी सुरू झाल्या. त्या मोरा बंदरावर मासळी विकतात. त्यांनी टोपलीतली सुरमई थेट कॅमेऱ्यासमोर धरली. "बोल ग्रेस, मावरा!"

"मावरा!" ग्रेस म्हणाली. तिचा मराठीतला पहिला शब्द हा, मावरा म्हणजे मासळी. दुसरा बोंबील.

*

एकदा आम्ही कर्नाळ्याला पिकनिक ठरवली. पक्षी बघायचे आणि एकमेकांनाही बघायचं, कारण ग्रेस आणि मी सोडलं तर दोन वर्षांत प्रत्यक्ष कुणी भेटलंच नव्हतं.

मी गेटवर पोचले तर एका बाकावर जयवंतीताई आणि पनवेलच्या नफीसाभाभी शेजारी शेजारी बसलेल्या. दोघी फोन लावतायत. "अगो, कवाची बसलंय मी, तू हाय कुटं?" "अल्ला कसम, मैं भी गेट पे ही हूँ!"

दोघींनी क्लासमध्ये चेहरा उजळ करणारा फिल्टर लावून ठेवला होता! मी दोघींची ओळख करून दिली. दोघी एकमेकींकडे बघून इतक्या हसल्या की आमच्या वाटणीचे पक्षी उडून गेले. ग्रेसला मात्र सगळ्यांनी लांबूनच ओळखलं. ती स्क्रीनवर होती तशीच होती.

*

मग मी होमवर्क दिला. लग्नाच्या ग्रुपवरची एक जाहिरात आणा आणि इंग्रजीत सांगा. नफीसाभाभींनी वाचली, "पनवेलस्थित सुशिक्षित कुटुंबास मुलासाठी गोरी, उंच, सालस मुलगी हवी." इंग्रजीही छान केलं.

ग्रेसने साधा प्रश्न विचारला, "आणि मुलगा गोरा आहे का?"

कुणालाच माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मुलगा माझाच होता, माझ्यासारखाच सावळा. मी नेट गेल्याचं नाटक करून क्लास बंद केला. खूप लाज वाटली. त्याच संध्याकाळी जाहिरातीतून तो शब्द काढला. मुलगा म्हणाला, "उंच पण काढ. आपण कुठे आहोत?"

*

"तुमच्या देशात नसेल असलं काही," भाभी एकदा ग्रेसला म्हणाल्या.

"नसेल?" ग्रेस हसली. तिच्या मामीच्या कपाटात गोरं करणारी तीन क्रीम आहेत म्हणे. चुलतभावाने दुसऱ्या जमातीतली मुलगी आणली तेव्हा आजी आठवडाभर कुणाशी बोलली नव्हती. आणि नैरोबीतले भारतीय दुकानदार आपल्या मुलींना तिथल्या मुलांच्या वाऱ्यालाही उभं राहू देत नाहीत.

हे ऐकून पाटीलदादांना अभिमान वाटला की वाईट, ते कळेना. "बगा," ते म्हणाले, "आपली मानसं तितंपन पोचली!"

*

मग गोष्ट गंभीर झाली. ग्रेसला कंपनीचं गेस्ट हाऊस महिनाअखेर सोडायचं होतं आणि पनवेलमध्ये तिला कुणी घर देईना. फोनवर हो म्हणायचे, समोर पाहिलं की घर दुसऱ्याला गेलेलं असायचं. घर मिळालं नाही तर नोकरी सोडून परत जाणार, असं तिने मला सांगितलं.

क्लासला मदत मागितली. सगळे हळहळले. भाभी म्हणाल्या, "मला काय प्रॉब्लेम नाही, पण वरचा मजला सासऱ्यांचा." मी म्हटलं, मला काही प्रॉब्लेम नाही, पण आमची सोसायटी... बोलता बोलता माझंच मला ऐकू आलं.

उरले पाटीलदादा. त्यांचा एक फ्लॅट रिकामा होता, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. कारण त्याचं रडगाणं आम्ही वर्षभर ऐकलेलं. तिथला भाडेकरू शाकाहारी. दादांची आई गच्चीवर बोंबील वाळवायची, त्याने वासाची तक्रार केली. भाडेकरू टिकावा म्हणून दादांनी गच्चीला कुलूप लावलं. "आपल्याच घरात आपल्या मावऱ्याला बंदी! यो पन रेसिझमच ना, मॅडम?" असं दादा तेव्हा तावातावाने विचारायचे. पुढे भाडेकरू गेला, कुलूप तसंच राहिलं. दुसरा कुणी तसलाच आला तर?

"दादा, तुमचा फ्लॅट?" मी विचारलं.

दादा खाली बघत म्हणाले, "मना काय प्रॉब्लेम नाय, मॅडम. पन बिल्डिंग आईचे नावावर हाय. म्हातारी जुन्या वळनाची. काली बाई तिला चालनार नाय."

ग्रेसला आता एवढं मराठी समजत होतं. तिने मान खाली घातली.

स्क्रीनवर दादांच्या मागे नेहमीसारखी त्यांची आई वावरत होती. सगळा जन्म मिठागरात काढलेली, उन्हाने रापून काळीभोर झालेली म्हातारी. ती थांबली.

"कोन चालनार नाय मना?"

म्हातारीने चष्मा लावला, मुलाला खांद्याने बाजूला सारलं आणि स्क्रीनला नाक लावून ग्रेसला बराच वेळ निरखलं.

"मावरा खातंस का गो?"

मी इंग्रजीत सांगायच्या आधीच ग्रेस म्हणाली, "रोज, आई! बोंबील पण!"

म्हातारी दादांकडे वळली.

"चावी दे तिला," ती म्हणाली. "आन गच्चीचा कुलूप काड!"