कापडाखालचा बोंडू

गोव्यातल्या पार्से गावची सेजल सोळा वर्षांची, अकरावीतली आणि तिच्या स्वतःच्या मते गावातली सर्वांत हुशार. पुरावा काय, तर तिला सगळ्यांचे आवाज काढता येत. बसचा कंडक्टर, गणिताच्या बाई, देवळात गाऱ्हाणे घालणारे धाकूकाका, सगळे तिच्या घशात भाड्याने राहायचे. तिचा स्वतःचा आवाज कसा आहे हे घरात कोणालाच नीट ठाऊक नव्हते. त्याची पाळीच येत नसे.

तर अशा या हुशार मुलीकडे म्हापशाच्या हर्षाने, म्हणजे तिच्या आत्येबहिणीने, आठ दिवसांसाठी आपला हॅम्स्टर सांभाळायला दिला. हर्षा कॉलेजच्या सहलीला निघाली होती. उंदराच्या कुळातल्या या पाळीव हॅम्स्टरचे नाव बोंडू. पिकल्या काजूच्या बोंडूसारखाच पिवळट आणि गुबगुबीत, म्हणून.

"पाणी बाटलीतूनच द्यायचं. आंघोळ अजिबात घालायची नाही, गारठून मरतो. वाळूत लोळला की झालं," हर्षाने बजावले. "आणि पिंजऱ्याच्या दोन्ही कड्या लावायच्या. एकच लावलीस तर नाकाने दार उचलतो."

"अगो, तीन व्हिडिओ बघितलेत मी," सेजल म्हणाली. त्यातला एक सशांचा होता, ते तिने सांगितले नाही.

बोंडू रात्रभर चाकात धावायचा आणि दिवसभर लाकडाच्या भुशात स्वतःला गाडून झोपायचा. सेजलचे बाबा, कृष्णनाथ, सकाळी साडेसहाला जवळच्या तुये गावातल्या औषध कारखान्यात कामाला जात आणि संध्याकाळी दमून येत. चार दिवसांत त्यांना बोंडूचा केससुद्धा दिसला नव्हता.

"भुसो पोसतंस मगो तू?" ते पिंजऱ्यात वाकून विचारायचे. "बरो आसा हां. खाता उणें, उलयना." म्हणजे खातो कमी आणि बोलत नाही.

आता या घराची एक पद्धत सांगायला हवी. कोठीत नारळ असत, म्हणून उंदीर असत, आणि म्हणून सापळा असे. पण उंदीर म्हणजे गणपतीचे वाहन, त्याला मारायचे नाही. पोयेच्या, म्हणजे गोव्याच्या पावाच्या, तुकड्याला खोबरेल लावून तो सापळ्यात टांगायचा, उंदीर अडकला की सापळ्यावर जुनी लुंगी टाकायची आणि बाबांनी तो स्कूटरवरून तुयेला नेऊन कारखान्यामागच्या माळावर सोडायचा. लुंगी महत्त्वाची. उंदराने वाट बघितली तर तो परत येतो, असे बाबांचे ठाम मत. त्यामुळे लुंगी उचलून आत डोकावणेही मना होते.

निरोपाचे काम सेजलचे. ती धाकूकाकांसारखी एक हात कमरेवर ठेवायची, डोळे अर्धे मिटायची आणि गाऱ्हाणे घालायची. बुधवारी सकाळी लुंगीखालचा सापळा तयार होता, तेव्हाही तिने घातले.

"बा देवा म्हाराजा, आज हो जो मूषक तुज्या वाटेर लायतांव, तेका तुयेंत पर्मनंट नोकरी गावां दी. कँटीनांत बरी पोळी गावां दी. आनी परत ह्या घराची याद तेका येवां नुको दी, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आई चुलीकडून म्हणाली.

"आज उंदीर हलको लागता," बाबा सापळा उचलत म्हणाले. "आनी धडपड करिना. शिकिल्लो दिसता."

स्कूटर गेली. सेजल खूश होती. गाऱ्हाण्यातला 'पर्मनंट' हा शब्द तिला त्याच क्षणी सुचला होता, आणि आपल्यात काहीतरी दैवी आहे असे तिला वाटत होते. त्या दैवी आनंदात ती काकडीचा काप घेऊन पिंजऱ्यापाशी गेली.

वरची कडी लावलेली होती. खालची लोंबत होती. भुसा उपसला तर खाली फक्त भुसाच होता.

हलका उंदीर. धडपड न करणारा. शिकलेला. मुलगी हुशार असल्यामुळे तिला हे जुळवायला फक्त दोन मिनिटे लागली. शुक्रवारी हर्षा येणार होती, आणि तिचा बोंडू या क्षणी साप-मुंगुसांच्या माळावर उभा होता. तोही साग्रसंगीत गाऱ्हाणे घालून पाठवलेला. परत येऊ नको, असे स्वतः बजावून.

कामावर असताना बाबांचा फोन गेटवर जमा असे. सेजल चपला उलट्या घालून बसस्टॉपवर धावली.

कारखान्याच्या गेटवर दादू नावाचा गडहिंग्लजचा वॉचमन असे. बाबांनी सांगितलेल्या किश्शांवरून सेजल घरी त्याचीही नक्कल करायची. खरा दादू तिने कधी बघितला नव्हता. तो पुढ्यात आला तेव्हा तिच्या घशातले सगळे भाडेकरू एकदम घर सोडून गेले.

"मी कृष्णनाथांची... ते बाबांनी सकाळी... तो उंदीर माझा होता," ती म्हणाली.

दादूने तिला वरपासून खालपर्यंत बघितले. "तुजा? बरं. मग जरा काळजी घ्याचीस की पोरी. आजारी हाय त्यो."

"म्हणजे इथेच आहे?"

"आगं, तुज्या बाबानं दार उघडलं, तर ह्यो भाईर आला, तोंड धुतलं आन् वळून परत सापळ्यात जाऊन बसला. तीनदा. नाथभाऊ म्हनला, दादू, हेका कायतरी झालां, तुझ्याकडे ठेव." दादू चौकीत शिरला. "मी शेंगदानं दिलं. खाल्लं न्हाईत, पर गाल असं टम्म सुजलं बघ. गालगुंड. मग काय, हळद उगाळून लेप दिला."

टेबलावर सापळा होता. सापळ्यात बोंडू होता. त्याचे दोन्ही गाल लिंबाएवढे फुगलेले आणि हळदीने माखलेले, जणू आजच त्याचे लग्न होते. सेजलकडे बघून त्याने डाव्या गालातून एक शेंगदाणा काढला, तपासला आणि पुन्हा आत ठेवला.

दादूने सापळ्यापाशी वाकून बघितले. "म्हंजी गालगुंड न्हवं," तो म्हणाला.

"गालात पिशव्या असतात त्यांना," सेजल म्हणाली आणि तिथेच पायरीवर बसून रडली. दादूने तिलाही शेंगदाणे दिले.

बोंडू सुखरूप घरी आला, पण हळद जाईना. पाणी लावायचे नव्हते. वाळूत लोळून लोळून गालांवरचा पिवळा रंग फार तर केशरी झाला. शुक्रवारी हर्षा आली, तिने पिंजऱ्यात बघितले आणि सेजलकडे बघितले.

सेजलने सगळ्यांचे आवाज काढून गोष्ट सांगितली. बाबा आणले, दादू आणला, हॅम्स्टरच्या व्हिडिओत हिंदी बोलणारी बाईही कारण नसताना आणली. दादूच्या 'तीनदा'ला हर्षा पोट धरून हसली. मग डोळे पुसत तिने विचारले, "सगळं खरं. पण खालची कडी कोणी लावली नव्हती?"

सेजलने तोंड उघडले. यासाठी कोणाचा आवाज काढावा ते तिला सुचेना. धाकूकाका चालले नसते. दादू तर नाहीच.

"मी," ती म्हणाली. आवाज बारीक आणि थोडा चिरका निघाला. "मला येतं असं मला वाटलं होतं."

"हा कोणाचा?" हर्षाने विचारले.

"माझाच."

हर्षाने पिंजरा उचलला आणि दोन्ही कड्या लावल्या. दारात जाऊन ती वळली. "दिवाळीत आम्ही परत सहलीला जाणार आहोत. तेव्हा आणून ठेवीन," ती म्हणाली. "मामाकडे हां. तुझ्याकडे नाही. तू फक्त काकडी काप."

बाबांनी हे फार मनावर घेतले आहे. आता सापळा वाजला की ते लुंगीचे टोक उचलून आधी आत बघतात. उंदीर वाट बघून परत आला तरी चालेल, म्हणतात. आणि निरोपाचे गाऱ्हाणे घालायच्या आधी सेजलला त्या उंदराचे शेपूट लांब आहे की बोंडूसारखे आखूड, ते मोठ्याने सांगावे लागते. स्वतःच्या आवाजात.