वैशाली मॅडम आणि माझा तेलकट हात

वैशाली मॅडमना साठ वर्षं पूर्ण झाली म्हणून पुस्तक निघतंय, त्यात तुम्हीही लिहा, असं त्यांच्या दवाखान्यातल्या मुली म्हणाल्या. मी चौथी शिकलेली. कागद घेतला, चष्मा शोधला, तो डोक्यावरच होता. असो.

मॅडमची माझी ओळख पनवेलच्या त्यांच्या व्यायामाच्या दवाखान्यात झाली. अर्धांगाचा झटका येऊन माझा उजवा हात लुळा पडला होता. घरी सुनेला सातवा महिना. आमच्यात बाळाला घरची पहिली आंघोळ आजीच घालते, पायांवर घेऊन, अंगाला तेल चोळून. माझा सगळा जीव त्या आंघोळीत अडकलेला.

मॅडम म्हणाल्या, "उद्या हातावर पट्ट्या चिकटवून स्नायूंचं काम मोजू. हात हलला नाही तरी आतून धडपडतोय का, ते पडद्यावरच्या रेघेत दिसतं."

मोजणार म्हटल्यावर हात नीट दिसायला नको? सकाळीच लेकाकडून खोबरेल चोळून घेतलं, मनगटापासून दंडापर्यंत.

पट्टी लावली की घसरे. एक तर मॅडमच्याच बाहीला जाऊन चिकटली. पडद्यावरची रेघ उरणच्या मिठागरासारखी सपाट. मला रडूच फुटलं. "मेला हो माझा हात! आता बाळाला कोण न्हाऊ घालणार?"

मॅडमनी हात उचलून वास घेतला. "आजी, हात मेलेला नाही, तळायला काढलाय!"

हाताखाली एवढ्या मुली असताना त्यांनी स्वतः मला बेसिनपाशी नेऊन साबणाने हात धुतला. पुसून पुन्हा पट्ट्या लावल्या. "बोटं उघडा." बोटं जागची हलली नाहीत, पण रेघेने टुणकन उडी मारली. मी ओरडले, "अगो बाय, जिता हाय!" बाजूचे काका आपला व्यायाम टाकून बघायला आले.

मॅडमना लबाडी चालत नाही. एकदा मी खांदा उचलून हात हलल्यासारखं केलं, तर रेघेने चुगली केली.

"आजी, खांद्याला बसवा. पंजाला करू द्या."

"खांदा माझ्यासारखाच, मॅडम. सुनेला काय करूच देत नाय."

मॅडम हसून हसून स्टुलावर बसल्या. पण व्यायाम काही सोडला नाही. मला ताप आला, तेव्हा चार दिवसांनी स्वतः स्कूटरवरून करंजाडेला आल्या आणि आमच्या ओट्यावर राहिलेला व्यायाम करून घेतला.

नात झाली. आंघोळीच्या दिवशी मॅडम न्हाणीच्या दारात उभ्या. मी डाव्या हाताने बाळाला पायांवर धरलं, उजवा तिच्या पाठीवर ठेवला. बोटं जरा अडखळली, मग एकेक करून उघडली. मॅडमनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "आता लावा हवं तेवढं तेल!"

मॅडम, आमचे हात उचलता उचलता तुमचे गुडघे दुखायला लागलेत, ते तुम्ही लपवता, पण मला दिसतं. देव तुम्हाला धडधाकट ठेवो, खूप वर्षं ठेवो. तुमच्या पंचाहत्तरीला डोक्याला तेल घालायला मीच येणार, उजव्या हाताने. त्या दिवशी ते रेघेचं यंत्र तेवढं कपाटात ठेवा.