आर्झेलाच्या नावाचा कायदा

मिसिसिपीतल्या आमच्या सखल मुलखात मतदानाचा दिवस उजाडला, की आर्झेला प्रुइटची निळी व्हॅन सगळ्यांच्या आधी रस्त्याला लागे. मासे सोलायच्या कारखान्यात उभं राहून राहून तिचे गुडघे गेले होते. तरी त्या दिवशी ती एकही म्हातारं माणूस घरी बसू देत नसे. काठी, चष्मा, कवळी, सगळं आठवणीनं गाडीत चढवायची. चर्चच्या हॉलपाशी एकेकाचा हात धरून उतरवायची आणि स्वतः पेकानच्या झाडाखाली थांबायची.

"मी सकाळीच मत टाकून आले," म्हणायची.

ते खोटं होतं. बाविसाव्या वर्षी, ज्या घरी कामाला होती तिथले चांदीचे चमचे तिनं उचलले होते. शिक्षा वर्षाची झाली. पण आमच्याकडच्या कायद्यानं चोरीपायी मताचा हक्क मात्र जन्माचा गेला. तो परत मिळवायचा, तर गव्हर्नरची माफी हवी; ती गरिबाच्या दारी कुठली यायला? उरली दुसरी वाट. राजधानीत आमदारांनी त्या एका माणसाच्या नावाचा, त्याच्यापुरताच कायदा करायचा.

"करू प्रयत्न," आमच्या भागाच्या आमदारीणबाई म्हणाल्या. "पण तुझी ग्वाही देणारी गावकऱ्यांची पत्रं आण."

पत्रं मागायची, तर एकोणीस वर्षांचं खोटं उघडं करायचं. आर्झेला दोन महिने झुरली. मग एका रविवारी चर्चमध्ये, देवानं काय दिलं ते उठून सांगायच्या वेळी, समोरचं बाक धरून उभी राहिली.

"मी तुम्हाला फसवलं. मला मतच नाही. मी चोरी केली होती."

मग चर्चचा कारभार बघणारे अठ्ठ्याऐंशी वर्षांचे डीकन हायटावर खाकरले.

"पोरी, मतदान सुरू होतं सातला. पावणेसातला तू माझ्या दारात भोंगा वाजवत असतेस. मत टाकतेस कधी, स्वप्नात?"

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"सगळ्यांनाच. म्हटलं, सांगायचं तेव्हा सांगेल."

"गप्प बसा डीकन, रडू तरी द्या तिला!" मागून चर्चमधली म्हातारी मदर ओझेल ओरडली, आणि रडता रडता आर्झेलाच आधी हसली.

सव्वीस पत्रं गेली. त्या वर्षी तिच्या कायद्याचा कागद आमदारांच्या कमिटीतच मेला. पुढच्या वर्षी सव्वीस जणांनी पुन्हा लिहिलं. या खेपेला कायदा झाला. त्यात दुसऱ्या कुणाचं नाव नव्हतं.

नोव्हेंबरात व्हॅन नेहमीसारखी पेकानखाली थांबली. आर्झेलानं फिरून येऊन दार सरकवलं. कुणी हललं नाही.

"उतरा ना, डीकन. गुडघे आखडतील."

"आखडू देत. आज आधी तू."

"आणि तुम्ही?"

"आम्ही आहोत इथं. झाडाखालची तुझी जागा कुणी पळवत नाही."

तिनं कोरडेच हात कोटाला पुसले आणि हॉलकडे चालू लागली. दार नुकतंच उघडत होतं. सात वाजले होते.