भासऱ्यासमोरचा पदर

"डोळे कायले हायेत मंग?"

असं म्हणत तिनं माझ्या हातातलं सूप ओढून घेतलं. आम्ही दोघं ओसरीत तांदूळ निवडत बसलो होतो. मी निवडून बाजूला केलेल्या तांदळातून तिनं एक बारीक काळा खडा काढला आणि माझ्या नाकासमोर धरला.

"अवं, तुले तं भिंतीवरचं घड्याळ बी दिसत नाही आता," मी म्हटलं.

"घड्याळ शिजवायचं हाये काय मले?"

एवढंच बोलणं झालं. मग भात झाला, वरण झालं, जेवलो, झोपलो. सकाळी मी हाक मारली तर तिनं ओ दिली नाही.

बायकोचं नाव मी इथं लिहीत नाही. उभ्या जन्मात आम्ही एकमेकांना नावानं हाक मारली नाही, आता ती गेल्यावर कशाला मारू. ती "अवो" म्हणायची, मी "अवं" म्हणायचो. दोघांचं काम चालायचं.

तिला मी पहिल्यांदा पाहिलं ते बालाघाटजवळच्या भरवेलीच्या खदानीवर. ती मँगनीजचा माल निवडायची. म्हणजे ढिगापुढं उकिडवं बसायचं, हातोडीनं गोटा फोडायचा, काळा चांगला माल एकीकडं आणि मुरूम-माती एकीकडं करायची. मी ट्रॉली ढकलायचो. माझ्या ट्रॉलीत मुरमाचा गोटा दिसला की ती सगळ्यांसमोर ओरडायची, "ए ट्रॉलीवाल्या, डोळे कायले हायेत?" लग्नाआधी ती माझ्याशी बोलली ती एवढंच. मला ते पुरलं. घरी येऊन सांगून टाकलं, करीन तर हिच्याशी करीन.

आमच्या दोन्ही घरच्यांनी छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती. ती तेव्हा परकर नेसणारी पोरगी होती. परत आल्यावर घरातले देव वैनगंगेत सोडले. पण देव गेले तरी भासरा काही गेला नाही. नवऱ्याच्या मोठ्या भावाला आमच्याकडं भासरा म्हणतात. तो दिसला की सुनेनं पदर नाकाखाली ओढायचा, पाठ फिरवायची, त्याच्याशी बोलायचं नाही, त्याच्यासमोर खाटेवर बसायचं नाही. मला सख्खा भाऊ नव्हता, पण एक चुलत होता, माझ्याहून मोठा. त्याच्यासमोर तिनं हे सगळं पाळलं. त्याला जेवायला वाढायची तर ताट जमिनीवरून सरकवायची. एका गल्लीत राहूनही कित्येक वर्षं त्यानं तिचं तोंड पाहिलं नव्हतं.

आता त्या भावाचं सांगतो, म्हणजे आमच्या हिंदी मुलखातल्या बालाघाटचंही थोडं सांगावं लागेल. तुमच्यापैकी जे जुने असतील त्यांना चौकवाले आठवत असतील. सट्टा त्यांचा, मोहाची दारू त्यांची, ट्रकवर माल कोणी चढवायचा आणि कोणी घरी बसायचं हे ठरवणंही त्यांचंच. त्यांचा शेठ चौकात लोखंडी खुर्ची टाकून बसायचा. पांढरं धोतर, तोंडात पान, आवाज गुळासारखा. त्याच्यासमोरून जाणारा माणूस सायकलवरून उतरायचा, चौक पायी ओलांडायचा आणि पलीकडं गेल्यावर पुन्हा बसायचा. असा कोणी हुकूम काढला नव्हता, पण सगळे उतरायचे. मीही उतरायचो.

ती मागं कॅरिअरवर बसलेली असायची. ती उतरायची नाही.

"उतर वं, शेठ पाहून राह्यला."

"मी कुठी चालवून राह्यली? जो चालवते तो उतरते."

मग मी पायी, सायकल हातात आणि ही वर बसलेली, अशी आमची वरात शेठसमोरून जायची. शेठ एकदा पान थुंकून हसला होता.

माझा चुलत भाऊ ह्या शेठचा उजवा हात होता.

बाजाराच्या कोपऱ्यावर एक म्हातारा पंक्चरवाला बसायचा. चौकवाल्यांना त्याच्या दुकानात सट्ट्याची बैठक लावायची होती. त्यानं नाही म्हटलं. "इथी माणसं हवा भरायले येतात," म्हणाला. त्यांनी पुन्हा सांगून पाहिलं, त्यानं पुन्हा तेच म्हटलं.

बाजाराचा दिवस होता, भर दुपार. आमच्या सायकलचं चाक वाकडं झालं होतं. ते सरळ करून घ्यायला ती म्हाताऱ्याच्या दुकानी उभी होती, मी मिरच्या घ्यायला गेलो होतो. तेवढ्यात तिघं आले. पुढं माझा भाऊ. तो दिसताच तिनं सवयीनं पदर ओढला आणि पाठ फिरवली. त्यातल्या एकानं विचारलं, "ये औरत कौन है?"

भाऊ म्हणाला, "घर की है. वो नहीं देखती."

बाईनं पदर घेतला म्हणजे तिचे डोळे गेले, अशी त्याची खातरी. आणि तिच्या पाठीमागंच त्यांनी म्हाताऱ्याला धरलं. म्हातारा ओरडला तशी ती वळली. पदर वर केला आणि पाहिलं. भाऊ सायकलची चेन घेऊन खाली वाकलेला होता. त्याला काही कळलं नाही. तो निघून गेला तो तिला पदराआडच समजून.

ते गेल्यावर म्हाताऱ्यानं पाणी मागितलं. तिनं दुकानातल्याच माठातलं पाजलं. मी मिरच्या घेऊन आलो तेव्हा त्याचं डोकं तिच्या मांडीवर होतं. पुढं दवाखान्यात तो वाचला नाही.

बाजार त्या वेळी माणसांनी भरलेला होता. पोलीस विचारत फिरले तर एकानंही काही पाहिलं नव्हतं. सगळ्या बाजाराला एकाच दुपारी मोतीबिंदू झाला होता. हिनं ठाण्यात जाऊन सांगितलं. मी बरोबर होतो, मधे बोलायला गेलो तर मलाच दाबलं, "तुम्ही मिरच्या घेऊन राह्यलते. तुम्हाले काय माहीत?"

मग घरात बैठक बसली. आमचे काका, म्हणजे त्या भावाचे वडील, खाटेवर बसले. ती रिवाजाप्रमाणं दाराआड.

"सूनबाई, भासऱ्यावर साक्ष देशील? पंचशीलात असं कुठी सांगतलं हाये?"

"खोटं बोलू नका, असं सांगतलं हाये, मामाजी."

"मंग बोलूच नको ना. खोटं बी नाही, खरं बी नाही."

काकांना वाटलं, जिंकलं. त्यांनी तंबाखू मळायला घेतली. मग ती म्हणाली, "त्या म्हाताऱ्यानं माझ्या हातानं पाणी पेलं. आता मी मुकी झाली, तं ते पाणी बी खोटं पाजलं म्हणा."

काका उठून गेले. त्या दिवसापासून भाऊबंदांनी आमच्याकडं येणं-जाणं सोडलं. सार्वजनिक नळावर तिची घागर मागं सरकवायचे. ती तिथंच उभी राहायची, सगळ्यांचं झालं की भरायची. सायकलचे दोन्ही टायर कोणी चिरून टाकले. मला भीती वाटत होती, खोटं काहून सांगू.

"तुले भेव नाही वाटत?" मी विचारलं.

"वाटते ना. भेव वाटलं म्हणून दिसलेलं जाते काय?"

शेठनं मला चौकात बोलावलं. खुर्चीसमोर उभा राहिलो. शेठ अगदी प्रेमानं म्हणाला, "देखो भाई, घर की बात है. अपनी घरवाली को समझाओ."

मी म्हटलं, "शेठ, आमच्या घरी तीच मले समजावते. मी तिले समजावलं असं आजवर झालं नाही."

शेठ हसला. शेठ हसला म्हणून बाकीचे हसले. मग शेठ हसायचा थांबला आणि म्हणाला, "तो तुम समझ लो." मी घरी आलो आणि तिला हे सांगितलं. तिनं विचारलं, "मंग, समजलं काय तुम्हाले?" मी म्हटलं, "हौ. तू कोर्टात जाते, मी संगं येतो." त्या रात्री मला भाकरीवर तूप मिळालं.

कोर्टाच्या दिवशी खदानीतल्या तिच्या ढिगावरच्या बाया बरोबर आल्या. भरवेलीहून बालाघाटपर्यंत पायी. कोर्ट म्हणजे काय हे त्यातल्या निम्म्यांना माहीत नव्हतं. एकीनं वाटेत बोरं घेतली आणि कोर्टाच्या पायऱ्यांवर सगळ्यांना वाटली. चौकवाले झाडाखाली उभे होते. बाया बोरं खात त्यांच्याकडं पाहत बसल्या. इतक्या बाया एकदम पाहतात म्हटल्यावर ते जरा बाजूला सरकले.

भावाचा वकील जबलपूरहून आणलेला होता. भाऊ समोर कठड्यात उभा, म्हणून हिचा पदर नाकाखाली. वकिलानं तेच धरलं.

"बाई, आप इनके सामने घूंघट लेती हैं?"

"हौ."

"हमेशा?"

"हौ."

"तो इनका चेहरा आपने कभी ठीक से देखा ही नहीं?"

"कसं पाहीन? भासरा हाये तो."

मागच्या बाकावर शेठची माणसं खुदखुदली. वकील जज्जसाहेबांकडं वळून म्हणाला, "बस हुजूर, मुझे और कुछ नहीं पूछना." इतकं सोसून आलो आणि सगळं एका पदरात गुंडाळून टाकलं यानं.

ती साक्षीच्या पिंजऱ्यातून उतरेना. जज्जसाहेबांना म्हणाली, "साहेब, भासरा समोर हाये. पदर मागं घेऊ काय?"

साहेब बाहेरगावचे, त्यांना कळेना. कोर्टातल्या कारकून बाबूनं हिंदीत समजावून सांगितलं. साहेबांनी मान हलवली.

तिनं दोन्ही हातांनी पदर मागं घेतला. पार खांद्यावर. सगळ्या कोर्टासमोर उघडं डोकं, तेल लावून घट्ट बांधलेला अंबाडा. तिनं त्याच्याकडं सरळ पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याशी बोलली.

"भाऊजी, तुम्ही आले तवा मी पाठ फिरवली. तुमचा मान ठेवला. म्हातारा बोंबलला तवा वळली, अन् पाह्यलं. चेन तुमच्या हातात होती. आता माझ्या तोंडाकडं पाहा अन् म्हणा, नव्हती."

बाबूला ते हिंदीत सांगायला वेळ लागला. पण भावाला मराठी येत होती. त्यानं वर पाहिलं नाही. ज्याला पाहून अख्खा बाजार खाली पाहायचा, तो आपल्या चपलांकडं पाहत उभा राहिला.

मी भिंतीला टेकून उभा होतो. शेजारी कोणीतरी अनोळखी माणूस होता, दुसऱ्याच खटल्याच्या तारखेला आलेला. त्याला मी सांगितलं, "माझी बायको हाये." त्यानं विचारलं नव्हतं.

पुढच्या तारखेला बाजारातला एक मीठवाला आला, म्हणाला, मीही पाहिलं. मग आणखी एक आला. मोतीबिंदू उतरायला लागला. भावाला आणि त्या दोघांना सजा झाली. शेठ बाहेरच राहिला, त्याच्यापर्यंत हात पोचला नाही. पण चौकात लोक सायकलवरून उतरायचे हळूहळू बंद झाले. पहिला मी. ती मागं बसली होती. म्हणाली, "आज काहून नाही उतरले?" मी म्हटलं, "चाक सरळ झालं." तिनं पाठीत एक धपका घातला.

आता ह्याच्या पुढचं ऐका, म्हणजे तुम्हाला माझी बायको कशी होती ते कळेल. किती तरी वर्षांनी भाऊ सजा भोगून आला. केस पांढरे, गाल बसलेले. काका वारले होते, घर बंद होतं. एका दुपारी आमच्या दारात येऊन उभा राहिला. तिनं आतून पाहिलं आणि पदर नाकाखाली ओढला. ताट वाढलं, जमिनीवरून सरकवलं आणि पाठ फिरवून बसली. तो मान खाली घालून जेवला. दुसऱ्यांदा भात लागला तर तोही तिनं न विचारता सरकवला.

तो गेल्यावर मी म्हटलं, "अवं, कोर्टात तं उघड्या डोक्यानं बोलली. आता काहून?"

"ती साक्ष होती. आता तो जेवायले आला."

शेठ म्हातारा होऊन आपल्या बिछान्यात मेला. मोठी अंत्ययात्रा निघाली. आणि आता पाहा, चौकातल्या चहाच्या हॉटेलात रोज त्याचेच किस्से चालतात. शेठ होता तेव्हा बाजारात चोरी होत नव्हती. शेठनं गरिबांच्या पोरींची लग्नं लावली. ज्यांनी त्याला पाहिलंही नाही ते जास्त सांगतात. मी ऐकायचो आणि घरी येऊन चिडायचो. ती म्हणायची, "बोलू द्या. मी काय गोष्टीत यायले बोलली होती? तुम्ही तिथी काही सांगू नका, माझी आण हाये." ती होती तोवर मी ती आण पाळली.

तिला नेली ती चौकातूनच नेली. दुकानातून कोणीतरी विचारलं, "कौन गया?" दुसऱ्यानं सांगितलं, "कोई बुढ़िया है, भरवेली तरफ की." मी खांदा देत होतो, थांबता येत नव्हतं. पण ते मला लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो. आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि चौकातल्या हॉटेलात गेलो. नेहमीची मंडळी बसली होती. मला पाहून एकानं जागा दिली, चहा सांगितला. मग त्यानं आपलं राहिलेलं पुढं सुरू केलं, "तो शेठ क्या करता था..."

"थांब," मी म्हटलं.

"क्या हुआ, काका?"

"आता मी सांगतो."

हिंदीत सुरुवात केली, अडकलो, मग आपल्या बोलीतच सांगत गेलो. बाजाराच्या दुपारपासून कोर्टापर्यंत, सगळं. ज्यांना मराठी येत नव्हती त्यांना शेजारचे हळू आवाजात सांगत होते. पेले तसेच पुढ्यात होते, चहावर साय धरली. उठून कोणी गेलं नाही.