ताईने भरलेली बॅग

आमची ताई गोदामात पॅकिंगला होती. कपबशा, काचेचे पेले, बरण्या, असला सगळा फुटका माल. म्हणजे फुटलेला नाही, फुटणारा. लग्नाआधीपासून ते नात शाळेत जाईपर्यंत तिने तेच काम केलं. खोका पुढ्यात ओढायचा, तळाला कागदाचे बोळे, जड माल खाली, हलका वर, आणि सगळ्यात नाजूक जे असेल ते मधोमध. धक्का कडेला बसतो, म्हणायची. असं ठासून भरायची की खोका कानाशी धरून हलवला तरी आतून हूं नाही की चूं नाही. गोदामातले हमाल म्हणायचे, "ताईचा खोका गच्चीवरून टाका, बशी हसत बाहेर येईल." ती म्हणायची, "टाकून तर बघ, पुढच्या खोक्यात तुलाच भरते."

घरातही तेच. तिच्या कपाटातून एक टॉवेल ओढला की अख्खा थर अंगावर. सून नर्स आहे. ती म्हणायची, "आई, तुमच्या कपाटातून रुमाल काढायचा म्हणजे पोटाचं ऑपरेशन." ताई हसायची. पण कोणी कपाट उपसलं तर सगळं पुन्हा लावल्याशिवाय तिला जेवण जायचं नाही. उघडं पडलेलं सामान तिला बघवतच नव्हतं.

मुलगा बोटीवर नोकरीला, आठ-आठ महिने समुद्रात. घरात ताई, सून आणि नात. नातीला सगळे बिट्टी म्हणतात. पाच वर्षांची आहे. जन्मापासून छाती नाजूक, जरा धूळ गेली की शिट्टीसारखा आवाज सुरू. मग तो दम्याचा पंप तोंडात धरून दाबायचा, दोन-तीनदा, की मोकळी होते. पंप नसला तर मात्र ओठ निळे व्हायला वेळ लागत नाही.

डोंगराला आग लागली तेव्हा लोक आधी गच्चीवर जाऊन फोटो काढत होते. लांब आहे, नदी मध्ये आहे, असं चाललं होतं. मग वारं फिरलं. दुपारी जेवणं चालू असताना भोंग्याची गाडी आली, घरं सोडा म्हणून. ज्यांच्याकडे गाड्या होत्या ते सगळे एकदमच निघाले आणि रस्ता असा तुंबला की कोणी पुढे नाही, कोणी मागे नाही. पोलीस सांगायला लागले, गाड्या सोडा, रुळाने चालत जा. रेल्वे बंद केलीय. पलीकडच्या गावात शाळेत सोय आहे.

सून दवाखान्यात अडकलेली. तिथे पेशंट हलवत होते, तिला निघता येईना. तिने फोन केला तेव्हा ताई बॅग भरत होती. मुलाची बोटीवरची मोठी बॅग, पाठीवर घ्यायची.

"आई, पंप कुठे ठेवलाय?"

"ठेवलाय गं."

"कुठे ठेवलाय?"

"आत. मधोमध. नवा-जुना दोन्ही डब्यात घालून तिच्या स्वेटरमध्ये गुंडाळलेत. हत्तीने पाय दिला तरी काही होणार नाही."

"हत्ती नाही येणार, आई, धूर येणार आहे. तिच्या गळ्यात बांधा तो."

"गळ्यातलं गर्दीत कोणी ओढलं म्हणजे? नवा एकच आहे. जुना संपत आलाय."

"मग तुमच्या खिशात ठेवा ना."

"बरं बाई, ठेवते. तू तुझे पेशंट बघ."

ठेवते म्हणाली. पण बॅग भरून झाली होती. तळाला पाण्याच्या बाटल्या आणि दुधाच्या पावडरचा डबा, वर चादर, कपडे, बिस्किटं, कागदपत्रांची पिशवी, कोपऱ्याकोपऱ्यात मोजे कोंबलेले. आता डबा ओढला असता तर सगळं सैल झालं असतं. तिने चेन लावली, वरून पट्टा आवळला, हलवून पाहिली. आवाज नाही. मग बिट्टीला बूट घातले.

खालच्या मजल्यावरचे टेलरमास्तर सोबत निघाले. एकटा माणूस. खांद्यावर शिलाई मशीनचं मुंडकं घेतलेलं.

"वहिनी, बॅग भरलीय की भिंत बांधलीय?"

"हसू नका, मास्तर. तुम्ही तर दुकानच उचललंय."

"पोट आहे माझं हे."

"मग पुढे बांधा की, खांद्यावर कशाला?"

हे मास्तरांनीच आम्हाला सांगितलं. बिट्टीही खूप हसली म्हणे.

रूळ तिथे उंच भरावावरून जातो. दोन्ही बाजूंना उतार, खाली वाळकं गवत. पायाखाली खडी. माणसंच माणसं, कोणी म्हातारी खुर्चीवर उचललेली, कोणाच्या हातात पिंजरा. खोका टेबलावर बसतो, त्याला तळाशी वजन चालतं. पाठीवरच्या बॅगेला तेच वजन मागे ओढतं. ताई वाकून वाकून चालत होती, हात गुडघ्यावर टेकत होती. मास्तर म्हणाले, दोन बाटल्या काढून टाका. ती म्हणाली, तळाशी आहेत हो, सगळं उपसावं लागेल, शाळेत पोचल्यावर बघू.

धूर आधी पिवळट होता, मग खाली उतरला. बिट्टी बोलायची थांबली. मग तिची शिट्टी सुरू झाली. ताईने ऐकलं आणि तिथेच रुळात बसली.

पट्टा सुटेना. तिनेच आवळलेला. मास्तरांनी दाताने ओढला. मग चेन. मग वरचे कपडे, बिस्किटं, पिशवी, सगळं भराभर बाहेर. लोक शिव्या देत बाजूने जात होते, वाटेत काय दुकान मांडलंय म्हणून. बिट्टी मान वर करून नुसती तोंड उघडत होती. ताईने घाईत स्वेटरची गाठ ओढली तसा डबा निसटला, खडीवर आपटून उघडला. एक पंप तिच्या पायाशी पडला. दुसरा उतारावरून खाली गवतात गेला.

पायाशी पडलेला जुना होता.

तिने तो बिट्टीच्या तोंडात धरला. एकदा फवारा निघाला, दुसऱ्यांदा जेमतेम. तिसऱ्यांदा नुसती हवा. पण बिट्टीच्या ओठांना थोडा रंग आला.

"मास्तर, हिला घेऊन पुढे व्हा. धुराच्या बाहेर काढा."

"आणि तुम्ही?"

"नवा शोधते आणि आलेच."

"वहिनी, तिथे मिळेल काहीतरी. चला."

"आणि नाही मिळाला तर? जा म्हणते ना!"

मास्तरांनी मशीन तिथेच टाकलं आणि बिट्टीला खांद्यावर घेतलं. वळणावर त्यांनी मागे बघितलं. ताई उतारावरून वर आली होती. तिच्या हातात काही होतं की नाही, ते त्यांना धुरात दिसलं नाही. पण ती खाली बसली, आणि चादरीची घडी घालायला लागली. मास्तर ओरडले, "वहिनी, राहू दे ते!" तिने हात वर केला, आले म्हणून. आणि दुसरी घडी घातली.

मग उतारावरचं गवत पेटलं.

बिट्टीला मास्तरांनी शाळेत पोचवलं तेव्हा दारातच टेबल मांडून डॉक्टर बसले होते. त्यांच्यापुढे नव्याकोऱ्या पंपांचा खोका होता.

ताई तिसऱ्या दिवशी मिळाली. तिच्या हातातल्या बांगडीवरून सुनेने ओळखलं. बॅगेचं काही राहिलं नव्हतं, त्यामुळे पंप तिला सापडला होता का, ते आता कळणार नाही. नातेवाईक म्हणतात, पंपासाठी जीव दिला. सून एकदाच माझ्याजवळ म्हणाली, "मावशी, त्या चादरीसाठी बसल्या. मला इतका राग येतो ना त्यांचा. आणि रडूही येतं. दोन्ही एकदम येतं, मी काय करू?" माझी ताई होती ती, मला ते दिसतं डोळ्यापुढे. रस्त्यात उघडं पडलेलं सामान टाकून तिला उठताच आलं नसणार.

बिट्टी परवा विचारत होती, "आजी अजून बॅग भरतेय का?"

सून हो म्हणाली. मग आम्ही सगळेच हो म्हणालो. तिला खरं कोणी सांगायचं, ते अजून आमच्यात ठरत नाहीये.