माळटिटवी दुर्मीळ नाही

"मॅडम, एवढंच सांगा. खड्डे घ्यायचे का नाही?"

समितीचे अध्यक्ष निकम साहेबांनी हे विचारलं तेव्हा माझं प्रेझेंटेशन निम्म्यावरही आलं नव्हतं. पडद्यावर एक आलेख होता. त्यात वेगवेगळ्या रंगांच्या रेषा होत्या आणि त्या एकमेकींना कुठं छेदतात ते मी मन लावून समजावत होते. समितीतल्या एका सदस्यानं मोबाइल उलटा ठेवला होता. तेवढ्यावरच मी खूश होते.

मी म्हणाले, "सर, आत्ताच्या डेटावरून कदाचित घेऊ नयेत असं दिसतंय. पण खात्रीनं सांगायला आणखी एक सीझन लागेल."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि पुढचा विषय पुकारला. पेनाला टोपण लागलं म्हणजे आपला नंबर संपला, हे मला कळायला जरा वेळ लागला. मी आणखी दोन स्लाइड पुढं सरकवल्या होत्या.

मी शहरातल्या एका छोट्या संस्थेत काम करते. एखाद्या जमिनीवर काय काय जगतं ते बघायचं आणि त्या जमिनीचा निर्णय घेणाऱ्यांना समजेल असं सांगायचं, हे माझं काम. आमच्या माहितीपत्रकात मला 'विज्ञान आणि प्रशासन यांच्यातला दुवा' म्हटलेलं आहे. शहराच्या छावणी भागात राहणारी माझी आई ते वाचून म्हणाली होती, "म्हंजे निरोप्या." तिला मी बराच वेळ समजावून सांगितलं की तसं नाही. त्या मीटिंगनंतर वाटलं, निरोप्यालाही निरोप तरी नीट सांगता येतो.

प्रश्न शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीपलीकडच्या एका गावाच्या गायरानाचा होता. कंपन्यांच्या शेड संपतात तिथून पुढं तो माळ लागतो. उन्हाळ्यात बघाल तर पिवळं गवत, मुरूम, मधूनच एखादी बोरीची जाळी. सरकारी कागदात अशा जमिनीला 'पडीक' म्हणतात, आणि पडीक म्हटलं की कुणालाही तिथं झाडं लावावीशी वाटतात. त्या वर्षीच्या वृक्षलागवडीसाठी समितीनं तोच माळ निवडला होता. पावसाळ्याआधी खड्डे घ्यायचे होते.

आता झाडं लावायला माझ्यासारखीनं विरोध करायचा म्हणजे देवळाबाहेर उभं राहून लोकांना परत पाठवण्यासारखं आहे. पण माळरान म्हणजे उजाड झालेलं जंगल नव्हे. ते मुळातच गवताचं घर असतं. तिथले पक्षी जमिनीवरच अंडी घालतात, आणि त्यातले बरेच नेमके खड्डे खणायच्या दिवसांतच. झाडांची दाटी झाली की गवत हटतं आणि ते पक्षीही जातात. एवढं चार वाक्यांत सांगता येतं, हे तुम्हाला आत्ता दिसलंच. मीटिंगमध्ये मला ते सुचलं नाही.

बाहेर व्हरांड्यात आमचे प्रमुख, पाथ्रीकर सर, चहा घेत उभे होते. ते रागावत नाहीत, हळू बोलतात. ते जास्त लागतं.

"त्यांना हो किंवा नाही लिहायचं होतं," ते म्हणाले. "तू त्यांना निबंध दिलास."

मी म्हणाले की विज्ञानात असं सरळ हो-नाही नसतं. सर म्हणाले की खड्ड्यात असतं. तो एक तर घेतात, नाही तर घेत नाहीत. मग त्यांनीच आत जाऊन साहेबांना एकदा माळावर यायची गळ घातली. साहेब तयार झाले. त्या बाजूला त्यांची दुसरी मीटिंग होतीच. सकाळी लवकर आणि थोडक्यात आटपा, म्हणाले.

मी हुरूपानं साहेबांना फोनवर सांगून टाकलं की तुम्हाला धाविक दाखवते. धाविक म्हणजे मातीच्या रंगाचा, उडण्यापेक्षा पळणं पसंत करणारा देखणा पक्षी. आदल्याच आठवड्यात मी त्यांची जोडी तिथं पाहिली होती. हा शब्द द्यायची काही गरज नव्हती. पक्ष्यांच्या वतीनं शब्द देऊ नये हे मी संस्थेत शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगते.

अर्थात धाविक आले नाहीत. साहेब दुर्बिणीतून माळ बघत होते, माळही त्यांच्याकडं बघत होता. गावाच्या सरपंच लताबाई चार-पाच बायकांना घेऊन आल्या होत्या, त्याही बघत होत्या. शांतता असह्य होऊन मी एका दगडापाशी वाकले आणि आनंदानं म्हणाले, "सर, ही कोल्ह्याची विष्ठा! यात टोळांचे पाय दिसतायत बघा." साहेब एक पाऊल मागं सरकले. त्यांच्या सोबतच्या माणसानं मात्र फोटो काढला. तो नेमका कशाचा होता, माझा का विष्ठेचा, हे मी विचारलं नाही.

मग लताबाई पुढं आल्या. त्या साहेबांशी नाही, माझ्याशी बोलल्या.

"मॅडम, तुमच्या पाखराशी आमचं काही वाकडं नाय. पण खड्ड्याचं काम गेलं तर या बायांनी उन्हाळ्यात करावं काय? शेंद्र्याच्या कंपन्या आमच्या वयाच्या बायांना आत घेत नाहीत."

त्या माळावरचं गवत, किडे, सरडे, पक्षी, सगळ्यांची पाहणी मी केली होती. ज्यांची उन्हाळ्याची मजुरी त्या खड्ड्यांवर होती, त्या बायकांशी एकदाही बोलले नव्हते.

उत्तर नसलं की मी लेक्चर देते. तसंच झालं. मागं मागं चालत, हातवारे करत, मी माळटिटवीबद्दल सांगायला लागले. ही घरटं बांधतच नाही, उघड्या मुरमावर अंडी घालते, अंडी अशी दगडासारखी की अनुभवी नजर नसेल तर दिसत नाहीत. एक पक्षी सारखा ओरडत होता, म्हणून मी आवाज आणखी चढवला.

"मॅडम," निकम साहेब म्हणाले. "पाय हलवू नका."

माझ्या टाचेच्या वीतभर मागं चार अंडी होती. ओरडत होती ती माळटिटवीच, आणि ती माझ्यावरच ओरडत होती.

मी जागच्या जागी थिजले. लताबाईंनी दंडाला धरून मला बाजूला घेतलं. आम्ही सगळे लांब जीपपर्यंत मागं आलो. थोड्या वेळानं ती टिटवी दुडूदुडू पळत परत आली आणि अंड्यांवर उभी राहिली. बसली नाही, उभी राहिली, आपल्या अंगाची सावली त्यांच्यावर पडेल अशी. साहेबांनी माझी दुर्बीण पुन्हा घेतली ती परत देईनात. त्यांची पुढची मीटिंग ताटकळली.

त्या घडीपासून ते घरटं साहेबांचं झालं. परत येताना फोनवर ते कुणाला तरी सांगत होते, "नाही, नाही, मला दिसलं. मॅडम तर पाय देत होत्या." मला ते झोंबलं. तरी खरं होतं. फोन ठेवून त्यांनी विचारलं, "पण त्या बायांच्या कामाचं काय करणार?"

या वेळी मी आलेख काढला नाही. विचारून सांगते म्हणाले.

पुढच्या काही दिवसांत मी आणि पाथ्रीकर सर लताबाईंबरोबर गावभर फिरलो. नाल्याच्या काठानं वेडी बाभूळ माजली होती आणि हळूहळू गवतात घुसत होती. ही बाहेरून आलेली काटेरी बाभूळ, नुसती तोडली तर दुप्पट जोमानं फुटते. मुळासकट काढावी लागते, आणि ते हातानं करायचं काम आहे. गवताला ते हवंच होतं, बायकांनाही चालणार होतं. झाडांसाठी जागाही होती. रस्त्याच्या कडेला, शाळेमागं, स्मशानभूमीजवळ माती खोल होती. लताबाई बस थांब्यावर सावली पाहिजे म्हणून अडून बसल्या, तेही घातलं. मी सगळं लिहून काढलं. सरांनी खोडून खोडून ते एका पानावर आणलं. खोडलेल्यात माझे सगळे 'कदाचित' गेले.

दुसऱ्या मीटिंगला साहेबांनी स्वतःच सुरुवात केली. घरट्याची गोष्ट त्यांनी छान रंगवली. माझी टाचही त्यात होती. शेवटी म्हणाले, "असा हा अत्यंत दुर्मीळ पक्षी."

"सर, एक दुरुस्ती," मी म्हणाले.

पाथ्रीकर सरांनी डोळे मिटले.

"माळटिटवी दुर्मीळ नाही. माळावर बऱ्याच ठिकाणी दिसते."

लागवडीचं काम बघणारे वाघमोडे लगेच सरसावून बसले. साधाच पक्षी असेल तर काम कशाला अडवायचं, त्यांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. सगळे माझ्याकडं बघत होते आणि पडद्यावर माझ्या मदतीला काहीच नव्हतं.

"दिसते, कारण असे माळ अजून शिल्लक आहेत," मी म्हणाले. "ते संपल्यावर ती दुर्मीळ होईल, मग आपण तिला वाचवायला मीटिंग घेऊ. आणि तिथं हातभर खाली कडक मुरूम आहे. मागं लावलेली झाडं जगली नाहीत, त्यांचे खड्डे अजून तसेच आहेत. माळावर खड्डे घेऊ नका. झाडं गावात लावा."

गावातर्फे येऊन मागं बसलेल्या लताबाईंचा आवाज आला, "आमचं बाभळीचं काम आधी लिहा साहेब, मंग बाकीचं."

निकम साहेब हसले. वाघमोड्यांना म्हणाले, "या बाई माझीच चूक चारचौघांत काढतात. म्हणजे बाकीचं खरंच असणार." आणि त्यांनी लिहिलं.

माळावर खड्डे झाले नाहीत. बायकांना बाभळीचं काम मिळालं. काटे लई लागतात, अशी तक्रार लताबाई मला भेटतील तेव्हा करतात. रस्त्याकडेची काही झाडं जगली, काही शेळ्यांनी खाल्ली. माळाचा एक कोपरा पुढं ट्रक उभे करायला गेला. तो समितीच्या हातात नव्हता, आणि मला ते ट्रक उभे राहिल्यावर कळलं.

माळाच्या तोंडाशी आता 'पक्षी अधिवास क्षेत्र' असा मोठा बोर्ड लागलाय. त्यावर पिसारा फुलवलेल्या मोराचं चित्र आहे. त्या माळावर मी मोर कधी पाहिलेला नाही. दुरुस्तीचा अर्ज लिहून मी सरांकडं नेला होता. त्यांनी विचारलं, बोर्ड लागल्यापासून तिथं कुणी खणायला आलं का? नाही आलं. मग अर्ज ठेव ड्रॉवरमध्ये, म्हणाले.

तेव्हापासून कुठल्याही मीटिंगला जायच्या आधी मी दोन गोष्टी विचारून घेते: निर्णय कधीपर्यंत घ्यायचाय, आणि त्यानं कुणाची मजुरी बुडणार आहे. आलेख पेनड्राइव्हमध्ये असतात. अजून कुणी मागितलेले नाहीत.